साखर पेठेतील रविवारचा वर्ग : दुभाष्याच्या वहीतील चिन्हे

सोलापुरात साखर पेठेतील एका जुन्या घराच्या माडीवर दर रविवारी सकाळी नऊ ते साडेबारा या वेळात दुभाषी काम करणाऱ्यांसाठी एक वर्ग चालतो. वर्गाला नाव नाही, दाराबाहेर पाटी नाही, आणि तो चालवणाऱ्या बाईंची इच्छा आहे की त्यांचेही नाव कोठे छापून येऊ नये. एकाने दुसऱ्याला सांगावे आणि आठ-दहा जण जमले की नवी तुकडी सुरू व्हावी, अशी त्यांची पद्धत आहे. जून-जुलैत आठ रविवार मी हा वर्ग केला, साडेतीन हजार रुपये शुल्क भरले आणि त्यानंतर चार महिने तेथे शिकलेले प्रत्यक्ष कामात वापरून पाहिले. लिहायला इतका वेळ मुद्दाम घेतला, कारण टिपणांचा कस लागतो तो समोरचा माणूस बोलायचा थांबून सगळ्यांचे डोळे आपल्याकडे वळतात तेव्हा.

पूर्व भागातील घरांत तेलुगू, अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूरच्या गावांत कन्नड, बाजारपेठेत मराठी आणि हिंदी, आणि टेरी टॉवेलचे परदेशी ग्राहक आले की इंग्रजी, असे हे गाव आहे. यंत्रमाग कामगाराची सुनावणी असो, विडी वळणाऱ्या बायकांसाठीचे आरोग्य शिबिर असो किंवा कारखान्यात आलेल्या खरेदीदाराची बैठक असो, कोणीतरी मधे बसून एकाचे दुसऱ्याला सांगत असतो. त्याला दुभाषी म्हणण्याची रीत नाही आणि त्याच्या हातात बहुधा वहीही नसते. मी पूर्व भागातली, घरी तेलुगू बोलणारी, मराठी शाळेत शिकलेली, आणि गेली सात वर्षे हेच काम करते. या सात वर्षांत वही कशी धरावी हेदेखील मला कोणी शिकवले नव्हते.

या कामाच्या दोन रीती आहेत. कानाला यंत्र लावून वक्त्याच्या बरोबरीने बोलत जाणे ही एक; १९४५ मध्ये सुरू झालेल्या न्यूरेंबर्ग खटल्यात तिचा मोठ्या प्रमाणावर वापर झाला. दुसरी तिच्याहून जुनी : वक्ता दोन-चार मिनिटे, कधी त्याहूनही अधिक, सलग बोलतो, मग थांबतो, आणि दुभाषी ते सगळे दुसऱ्या भाषेत सांगतो. पहिल्या महायुद्धानंतर १९१९ मध्ये पॅरिसला भरलेल्या शांतता परिषदेत ही दुसरी रीत नावारूपाला आली. व्यवसायातील लोक तिला ‘कन्सेक्युटिव्ह’ म्हणतात, आणि सोलापुरात माझ्या वाट्याला येणारे काम जवळजवळ सगळे याच रीतीचे असते. येथे नुसती स्मरणशक्ती पुरत नाही आणि लघुलेखनही कामाला येत नाही. लघुलेखक शब्द न् शब्द उतरवून घेतो आणि नंतर निवांतपणे त्याचा उलगडा करतो. दुभाष्याला मात्र वक्ता थांबताच वहीवर एक नजर टाकून बोलायला लागायचे असते, तेही दुसऱ्या भाषेत, त्यामुळे त्याच्या पानावर अर्थाचा सांगाडा दिसावा लागतो. चिन्हांचे काम एवढेच, की तो सांगाडा एका नजरेत वाचता यावा.

पहिल्या रविवारी बाईंनी कोणालाही पेन उघडू दिले नाही. तीन मिनिटांची एक हकीकत ऐकायची आणि तोंडी परत सांगायची, असे साडेतीन तास चालले. आमच्यात एक वकील होते, न्यायालयात भराभर लिहून घेण्याची त्यांना अनेक वर्षांची सवय. रिकाम्या हाताने बसणे त्यांना जड गेले. परंतु अकरा वाजेपर्यंत प्रत्येकाच्या ध्यानात आले होते की हकीकतीचा ओघ, कोणी कोणाला काय केले आणि का केले, हे डोक्यात राहते; गळतात ती नावे, आकडे, याद्या आणि ‘तरीही’, ‘मात्र’, ‘नाहीतर’ असे सांधे. वहीत काय उतरवायचे याचे उत्तर आम्हांला कोणी सांगितले नाही, ते आमच्या आमच्या चुकांतून समोर आले. शिकवण्याची इतकी चांगली सुरुवात मी क्वचित पाहिली आहे.

दुसऱ्या रविवारी पान आखायला शिकलो. डावीकडे अंगठ्याच्या रुंदीचा समास सोडायचा आणि तेथे फक्त सांधे लिहायचे. उरलेल्या जागेत ओळीने न लिहिता जिन्याच्या पायऱ्यांसारखे खाली उतरायचे : कोण हे वर डावीकडे, काय केले हे मध्ये, कशाला हे खाली उजवीकडे, एक विचार संपला की आडवी रेघ. या मांडणीचे मूळ जिनिव्हाच्या झाँ-फ्रांस्वा रोझाँ यांच्याकडे जाते. त्यांनी १९५६ मध्ये टिपणांची सात तत्त्वे मांडली, त्यांत शब्दाऐवजी विचार नोंदवणे, वरून खाली लिहिणे आणि पायरी पायरीने उजवीकडे सरकणे ही आहेत; आणि चिन्हे त्यांनी दिली ती जेमतेम वीस. बाई हे सांगतात, पण तेथेच थांबत नाहीत, आणि माझ्या मते त्यांच्या वर्गाचे मोल येथपासून सुरू होते. मराठी, तेलुगू आणि कन्नड या तिन्ही भाषांत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते. वक्ता ‘यंदा सुताचे भाव चढल्यामुळे दिवाळीच्या आधी सगळ्या कामगारांना’ इथपर्यंत आला तरी तो बोनस देणार आहे की नाही हे कळलेले नसते, आणि इंग्रजीत सांगताना तर तेच आधी लागते. म्हणून मधली पायरी कोरी ठेवून पुढे लिहीत जायचे आणि क्रियापद कानावर पडले की वर जाऊन ते मोकळ्या जागेत बसवायचे. ‘पायरी राखा’, असे बाई दर वेळी म्हणत. चार महिन्यांनी मागे वळून पाहताना मला वाटते की मी भरलेल्या शुल्काची भरपाई या दोन शब्दांतच झाली.

याद्यांसाठी त्यांनी सोलापूरचाच दाखला घेतला. १९३० च्या मार्शल लॉनंतर फाशी गेलेले चार हुतात्मे, मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन, यांची नावे एकाखाली एक फक्त अक्षरांनी लिहायची, उजवीकडे एकच महिरपी कंस काढायचा आणि कंसाच्या टोकाशी तारीख : १२ जानेवारी १९३१, येरवडा. चार वाक्ये लिहिण्याऐवजी एक कंस, आणि एकही नाव सुटत नाही.

चौथ्या रविवारचा सराव मी थोडा तपशिलाने सांगते, कारण चिन्हे खरोखर कशी चालतात हे त्याच दिवशी मला उमगले. बाईंनी डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांच्यावर मराठीतून अडीच-तीन मिनिटे भाषण केले आणि ते आम्हांला इंग्रजीत सांगायचे होते. भैय्या चौकातील त्यांचे स्मारक पाहायला चीनहून कोणी आले तर असे काम येथे खरोखरच निघू शकते. माझे त्या दिवशीचे पान अजून माझ्याजवळ आहे. वर डावीकडे ‘को’, एक पायरी खाली ‘ज १०/१०/१०’ आणि त्याखाली ‘सो’. मग रेघ. पुढच्या कप्प्यात ‘३८’, खाली ‘५ डॉ’, तेथून निघालेला लांब बाण आणि बाणाच्या टोकाशी चौकोनात ‘ची’. चौकोन म्हणजे देश : १९३८ मध्ये पाच डॉक्टरांचे पथक भारतातून चीनला गेले, त्यांत कोटणीस होते. त्याच चौकोनावर दुसऱ्या बाजूने येऊन आदळणारा, टोकाशी फुली असलेला बाण, आणि त्याच्या शेपटाशी चौकोनात ‘ज’ : जपानचे आक्रमण. एकाच पानावर ‘ज’ म्हणजे जन्म आणि ‘ज’ म्हणजे जपान असे दोन अर्थ आले, परंतु चौकोनामुळे वाचताना क्षणभरही अडले नाही. पथकाची मुदत संपल्यावरही कोटणीस तेथेच राहिले, यासाठी बाणाच्या टोकाला एक उभी रेघ : गेला आणि थांबला. ‘४१’ पुढे एकमेकांत अडकलेली दोन कडी, म्हणजे क्वो छिंगलान यांच्याशी विवाह. ‘४२’ पुढे ‘मु’, आणि शेजारी शेजारी दोन चौकोन, एकात ‘भा’, एकात ‘ची’ : मुलाचे नाव यिनहुआ, यिन म्हणजे भारत आणि हुआ म्हणजे चीन. शेवटी ‘९ डिसें’, ‘को’ वरून खाली ओढलेली रेघ आणि बाजूला ‘३२’, त्यांचे वय.

ते पान समोर धरून मी जवळजवळ तीन मिनिटे न अडखळता बोलले. नावे आली, साले आली, वय आले. तरी बाईंनी पान हातात घेऊन फक्त समासावर बोट ठेवले. समास कोरा होता. वक्त्याने म्हटले होते, ‘मुदत संपली, कोटणीस मात्र थांबले’, आणि माझ्या इंग्रजीत ते फक्त थांबले होते. सगळ्या भाषणाचे वजन ज्या ‘मात्र’वर होते तो गळून गेला होता. चिन्हांचा नाद लागला की वस्तूंची, माणसांची, देशांची चित्रे काढण्यात हात रमतो आणि विचारांना जोडणारे सांधे राहून जातात. त्या दिवसापासून मी आधी समास भरते.

चिन्ह कोठे वापरायचे आणि कोठे नाही, याबद्दलचे बाईंचे म्हणणे मला सर्वांत पटले, आणि ते मी अन्यत्र कोठे ऐकलेले नाही. बाहेरच्या पाठांत विकास, सरकार, करार अशा गोष्टींसाठी चिन्हे सुचवलेली असतात, कारण त्या भाषांत ते शब्द लांबलचक असतात. मराठीत कर, दर, पत, तूट, वाढ, घट, मत, रोग, घर हे शब्द दोन अक्षरांत संपतात. शिरोरेषा न देता लिहिले तर चिन्ह काढण्याइतकाच वेळ लागतो, आणि वाचताना शंकेला जागा राहत नाही. अशा शब्दांसाठी चिन्ह शोधत बसणे हा द्राविडी प्राणायाम आहे. शिवाय आपल्या लिहिण्यात संक्षेपाची जुनी परंपरा आहेच. सा. न. वि. वि., मु. पो., ता. क., द. सा. द. शे. हे वाचताना कोणाही मराठी माणसाला थांबावे लागत नाही. जुन्या हिशेबाच्या वह्यांत पावासाठी एक, अर्ध्यासाठी दोन आणि पाऊणसाठी तीन उभ्या रेघा मारत. ती खूण मी आता ‘पाव हिस्सा’, ‘निम्मे’ आणि ‘तीन चतुर्थांश’ यांसाठी सर्रास वापरते. विणकामासाठी बाईंचे चिन्ह म्हणजे दोन उभ्या आणि दोन आडव्या रेघा, ताणा आणि बाणा. पूर्व भागात वाढलेल्या हाताला ते पाठ करावे लागत नाही.

शाळेतील भूमितीचाही त्यांनी असाच उपयोग करून घेतला. तीन टिंबांचे ‘∴’ म्हणजे ‘म्हणून’ आणि उलटे ‘∵’ म्हणजे ‘कारण’, हे दहावीपर्यंत शिकलेल्या प्रत्येकाच्या अंगवळणी पडलेले असते. पण वेगात लिहिताना दोन्हींची टिंबे सारखीच पडतात, आणि कारणाचे कार्य नि कार्याचे कारण होऊन बसते. त्यामुळे त्यांनी फक्त ‘∴’ ठेवले आणि ‘कारण’साठी डावीकडे तोंड केलेला बाण दिला. चिन्ह सुबक आहे की नाही यापेक्षा ते घाईत कशासारखे दिसेल हे आधी पाहावे, हा विचार त्यांनी प्रत्येक चिन्हाला लावला. आकड्यांनाही लावला. देवनागरी १ आणि इंग्रजी 9, देवनागरी ४ आणि इंग्रजी 8, देवनागरी ५ आणि इंग्रजी 4 यांची आकृती जवळजवळ एकच असल्याने, एका पानावर दोन प्रकारचे अंक दिसले तर बाई ते पान परत लिहायला लावत. तेलुगूत आणि इंग्रजीत सदुसष्ट म्हणताना साठ आधी येतात, मराठीत सात आधी. आमच्यासारख्या घरी एक आणि शाळेत दुसरी भाषा असलेल्यांच्या हातून ६७ चे ७६ होण्याचे कारण तेच. यावर त्यांचा उपाय साधा आहे : दुसरा अंक ऐकू येईपर्यंत पहिला कागदावर टेकवायचा नाही. कोटी आणि मिलियन यांचा हिशेब, एक कोटी म्हणजे दहा मिलियन, वहीच्या पुठ्ठ्यावर आतल्या बाजूने लिहून ठेवायला सांगितला, तो मी ठेवला आहे.

नकाराची चिन्हे मात्र सरावाने सुटणारी बाब नव्हती, तिला भाषेची जाण लागते. बहुतेक ठिकाणी नकारासाठी एक फुली मारायला सांगतात. बाईंनी तीन चिन्हे दिली, कारण आपल्याकडे नकार तीन आहेत : नाही, नव्हे आणि नको. तेलुगूत त्यांना नेमके लेदु, कादु आणि वद्दु असे तीन शब्द आहेत. वर्गात मला हा भेद जरा जास्तच बारीक वाटला होता. सप्टेंबरमध्ये पूर्व भागातील एका आरोग्य शिबिरात बाहेरगावच्या डॉक्टरांसाठी मी दुभाषी म्हणून बसले असताना, पन्नाशीच्या पुढची एक विडी कामगार बाई समोर आली. हजारामागे मजुरी ठरलेली, त्यामुळे दिवसभर मान खाली घालून पान भिजवणे, कातरणे, वळणे आणि दोरा बांधणे. मी ‘अक्का, चेप्पंडि’ म्हटल्यावर ती दोन मिनिटे न थांबता बोलली आणि त्या दोन मिनिटांत तिन्ही नकार आले. हाताला होते ते ‘नोप्पि कादु, मंट’, म्हणजे दुखणे नव्हे, आग होते. रात्री ‘निद्र लेदु’, झोप नाही. आणि शेवटी, सुई बाहेर काढण्याच्या आधीच, ‘सूदि वद्दु’, सुई नको.

माझ्या वहीत तीन ओळी होत्या. ‘दु ≠’ आणि त्याखाली ‘आग’, ‘झोप ×’, आणि ‘सुई’भोवती गोल करून त्यावर तिरपी रेघ. तिन्ही ठिकाणी एकच फुली असती तर मी बहुधा दुखत नाही, झोप नाही, सुई नाही असे सांगून मोकळी झाले असते, आणि ‘दुखत नाही’ ऐकून डॉक्टर पुढच्या तक्रारीकडे वळले असते. ‘दुखणे नव्हे, आग’ हे ऐकताच त्यांच्या प्रश्नांचा रोखच बदलला : बोटे बधिर होतात का, कोणती होतात, सकाळी उठल्यावर कसे वाटते. ती बाई त्या प्रश्नांची उत्तरे देताना पहिल्यांदा डॉक्टरांकडे बघून बोलली. मी कोणाला हा वर्ग सुचवते तेव्हा मला तो प्रसंग आठवतो.

आता तक्रारीकडे येते. सहाव्या आणि सातव्या रविवारी बाई बाहेरगावी होत्या आणि त्यांच्या जागी दुसरे एक पाहुणे शिक्षक आले. त्यांनी प्रत्येकाच्या हाती पावणेदोनशे चिन्हांचा झेरॉक्स तक्ता दिला आणि आठवड्याला साठ या हिशेबाने पाठ करायला सांगितले. चिन्हांची मोठी, बांधीव व्यवस्था करण्याचा विचार जगात झालेला आहे. जर्मनीतील हाइन्झ मातिसेक यांनी १९८९ मध्ये भाषेवर अवलंबून नसलेली अशी विस्तृत पद्धत मांडली, आणि ज्यांना वर्षानुवर्षे विद्यापीठात तिचा सराव मिळतो त्यांना ती उपयोगी पडतही असेल. परंतु आठ रविवारांच्या वर्गात तयार तक्ता वाटणे हे पहिल्या पाच रविवारांत शिकवलेल्या सगळ्यावर पाणी फिरवण्यासारखे आहे. चिन्ह आठवायला अर्धा सेकंद लागला तर त्या अर्ध्या सेकंदात वक्त्याचे पुढचे वाक्य निघून जाते. आणि जे चिन्ह आपण स्वतः गरजेपोटी काढलेले नसते ते वाचतानाही पुन्हा आठवावे लागते.

त्या तक्त्याचा फटका मला ऑगस्टमध्ये बसला. अक्कलकोट रस्त्यावरील औद्योगिक वसाहतीत टॉवेलच्या एका परदेशी खरेदीदाराची बैठक होती. तक्त्यात असे होते की कोणत्याही शब्दाच्या उजव्या खांद्यावर छोटे वर्तुळ काढले की तो व्यवसाय करणारी व्यक्ती होते. मी निर्यातदारासाठी ‘नि’ लिहून वर छोटे वर्तुळ काढले. पण देवनागरीत असे वर्तुळ हे लाघवचिन्ह आहे, शब्द तोडला आहे एवढेच ते सांगते, आणि लहानपणापासून माझे डोळे ते तसेच वाचत आले आहेत. ‘गावातले निर्यातदार कमी झाले’ असे मालक म्हणाले होते, मी सांगितले की गावातली निर्यात कमी झाली. पाहुण्याने लगेच माल वेळेवर पुरवता येईल का, माग बंद आहेत का, अशी चौकशी सुरू केली, आणि मालकांना इंग्रजी समजत असल्याने त्यांनीच मधे पडून दुरुस्ती केली. चूक माझी होती, ती मी तेथेच मान्य केली. परंतु त्या तक्त्यात देवनागरीत लिहिणाऱ्याच्या हाताचा कोणी विचारच केलेला नव्हता हेही खरे आहे. घरी आल्यावर मी तक्ता पुन्हा तपासला. गुणिलेच्या फुलीचे तीन वेगवेगळे अर्थ, शून्याशी मिळतीजुळती चार वर्तुळे, अनुस्वारासारखी दिसणारी टिंबे. यांतले काहीही मराठी अक्षरांच्या शेजारी सुरक्षित नाही. आज माझ्या वापरात सव्वीस चिन्हे आहेत, त्यांतली तक्त्यातून आलेली दोनच. बाकीची अर्धी बाईंची आणि अर्धी कामात गरज पडली तशी घडलेली. बाईंनी परतल्यावर तक्त्याविषयी आम्हांला काही विचारले नाही आणि आम्हीही बोललो नाही. ते बोलायला हवे होते, आणि पुढच्या तुकडीला तो वाटला जाऊ नये यासाठीच हे सविस्तर लिहीत आहे.

बाकीच्या उणिवा लहान आहेत. कन्नड बोलणारे दोघे आमच्यात होते, त्यांच्यासाठी कन्नडमधून एकही भाषण झाले नाही. ‘नव्हे’साठी कन्नडमध्ये अल्ल, ‘नाही’साठी इल्ल आणि ‘नको’साठी बेड असे तीन शब्द आहेत, नकाराचा पाठ त्यांच्याही भाषेत तितकाच नेमका झाला असता. सराव ध्वनिमुद्रित करून घरी द्यायला बाई तयार नसतात. त्यांचे म्हणणे असे की परत ऐकता येणार हे माहीत असले की कान सैल पडतात. ते पहिल्या चार रविवारांपुरते मला मान्य आहे, शेवटच्या चारांना नाही, कारण आपले बोलणे परत ऐकल्याशिवाय आपण कोठे ‘म्हणजे, म्हणजे’ करत थांबतो ते कळत नाही. माडीच्या मागच्या बाजूला यंत्रमाग आहेत आणि त्यांची खटखट सकाळभर चालू असते. पहिल्या दिवशी मला त्याचा त्रास झाला. नंतर लक्षात आले की कारखान्यातल्या बैठकीत आवाज यापेक्षा जास्त असतो, आणि आता मी त्याला उणीव म्हणणार नाही. बसायला सतरंजी असते. ज्यांचे गुडघे दुखतात त्यांनी आधी सांगितल्यास खुर्ची मिळते, पण मांडीवर वही घेऊन लिहायची सवय व्हावी म्हणून टेबल कोणालाच मिळत नाही. आणि शिबिरात, सुनावणीत, मागाजवळ उभे राहून काम करताना खरोखरच टेबल नसते.

वहीबद्दल दोन शब्द आवश्यक आहेत. वरच्या बाजूला स्प्रिंग असलेली, अंगठ्याने पान वर उलटता येणारी, हाताच्या पंजाएवढी वही लागते. बाजूला शिवलेल्या वहीत उलटलेले पान परत येते आणि लिहिणारा हात मधल्या घडीत अडकतो. पुठ्ठा जाड हवा, कारण तेच टेबल. कागद एकाच बाजूने वापरायचा, आणि सांगून झालेल्या भागावर तिरपी रेघ मारायची, म्हणजे पुढच्या वेळी नजर जुन्या टिपणांवर जात नाही. नवी पेठेतल्या दुकानांतून मिळणाऱ्या तयार वह्या चालतात, मात्र त्यांच्या रेघा गडद असतात आणि बाणांच्या आड येतात. बाई एका ओळखीच्या बाइंडरकडून कोऱ्या कागदाच्या, डावीकडे फिकट समास आखलेल्या वह्या करून घेतात आणि खर्चाच्या किमतीला देतात. मी आतापर्यंत नऊ वापरल्या. एकाही वहीची स्प्रिंग निसटली नाही, आणि घामट हाताने लिहितानाही शाई पसरली नाही.

वर्ग कोणासाठी नाही हेही सांगणे योग्य ठरेल. ज्यांना कानात यंत्र लावून करायचे काम शिकायचे आहे त्यांना येथे काही मिळणार नाही, आणि ज्यांची एकच भाषा पक्की आहे त्यांनी आधी दुसरी पक्की करावी. बाई भाषा शिकवत नाहीत, आणि प्रवेशाच्या वेळी दहा मिनिटे दोन्ही भाषांत बोलून तेवढे तपासून घेतात. शिबिरांत काम करणाऱ्या परिचारिका, न्यायालयात आणि कामगार खटल्यांत उभे राहणारे वकील, टॉवेल आणि चादरीच्या कारखान्यांत पाहुण्यांबरोबर फिरणारे तरुण, यांनी मात्र आठ रविवार जरूर काढावेत. आमच्या तुकडीतील वकिलांनी अलीकडेच मला त्यांचे एक पान दाखवले : अर्ध्या तासाच्या उलटतपासणीची चार पाने, आणि समासात खालीपर्यंत ‘पण’, ‘∴’, ‘पण’, ‘तरी’.

पुढची तुकडी संक्रांतीची गड्ड्याची यात्रा उरकल्यावर, जानेवारीच्या शेवटच्या रविवारी सुरू होणार आहे आणि जागा दहाच आहेत. वही-पेन दुसऱ्या रविवारपासून न्यावे.